बांधकाम तपासणी सूचीतील जोडचित्र : उजनीकाठच्या गावांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

बांधकाम योग्य रीतीने झाले किंवा नाही याची नोंद ठेवण्यासाठी शासनव्यवहारात तपासणी सूची वापरली जाते. पाया, जोते, छत, गिलावा अशा टप्प्यांवरील प्रश्न, त्यांपुढे ‘होय’ अथवा ‘नाही’ आणि शेवटी स्वाक्षरी, असे तिचे पूर्वापार रूप आहे. गेल्या दशकात या रूपात जोडचित्राची भर पडली. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली सुरू झाली. तिच्यात घरकुलाच्या ठरावीक टप्प्यांवर स्थळ व वेळ नोंदविणारे छायाचित्र प्रणालीत चढविणे अपेक्षित असून लाभार्थ्याचा पुढील हप्ता या पडताळणीशी निगडित असतो. हे जोडचित्र नेमके कशाचा पुरावा ठरते, याची चिकित्सा उजनी धरणाकाठच्या करमाळा व माढा तालुक्यांतील गावांच्या संदर्भात करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सूची आणि वास्तव

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. फुगवट्याखाली गेलेल्या गावांची नवी गावठाणे वसली. पुनर्वसित गावठाणात कोणत्या नागरी सुविधा असाव्यात याची यादी राज्याच्या पुनर्वसनविषयक कायद्यात आहे : शाळा, पिण्याचे पाणी, अंतर्गत रस्ते, वीज, गटारे, स्मशानभूमी इत्यादी. ही यादी म्हणजे एक प्रकारची तपासणी सूचीच होय. ‘पिण्याच्या पाण्याची विहीर : आहे’ या नोंदीवरून विहीर खोदली गेली एवढेच कळते, चैत्र-वैशाखात तिला पाणी असते काय, हा प्रश्न सूचीबाहेरच राहतो.

मोजमापाचा आधार समजल्याविना आकड्याला अर्थ येत नाही, हे उजनीकाठी निराळे सांगावे लागत नाही. धरणाच्या सुमारे ११७ टीएमसी क्षमतेपैकी सुमारे ६३ टीएमसी हा मृतसाठा आहे. म्हणूनच ‘धरण उणे’ असल्याचे वृत्त येते तेव्हाही जलाशयात पाणी दिसत असते. हे दिसणारे पाणी आणि उपयुक्त पाणी यांत जे अंतर आहे, तेच छायाचित्रात दिसणारे बांधकाम आणि टिकणारे बांधकाम यांतही आहे.

जोडणीची प्रक्रिया

दोन संगणकप्रणालींनी ठरलेल्या नियमांनुसार माहितीची देवघेव करावी यासाठी जो मार्ग असतो, त्यास एपीआय म्हणतात. बांधकाम तपासणीच्या अनेक प्रणालींत छायाचित्राची फाईल प्रथम साठवणीत जाते व तिला ओळखक्रमांक मिळतो. त्यानंतर दुसऱ्या टप्प्यात तो क्रमांक सूचीतील विशिष्ट प्रश्नाशी जोडला जातो. संपर्क मध्येच तुटल्यास फाईल साठवणीत असते, परंतु कोणत्याच प्रश्नाशी तिचे नाते जुळलेले नसते. गृहनिर्माण अभियंत्याच्या लेखी काम झालेले असते आणि प्रणालीच्या लेखी ते अपुरे असते. या दोहोंमध्ये अडकतो तो हप्त्याची वाट पाहणारा, उसनवारीने सिमेंट आणलेला घरमालक.

याउलट, जोडणी यशस्वी झाली म्हणून आशय खरा ठरत नाही. प्रणाली सामान्यतः फाईलचा प्रकार, आकार, वेळ व अक्षांश-रेखांश तपासते; प्रश्न आणि चित्र यांचा संबंध तपासणे हे माणसाचेच काम राहते. रोजगार हमीच्या कामांवरील हजेरीसाठी २०२१ साली आणलेल्या ॲपबाबत केंद्रीय ग्रामीण विकास मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये परिपत्रक काढले. असंबद्ध छायाचित्रे, तसेच छायाचित्राचेच पुन्हा काढलेले छायाचित्र चढविले जात असल्याचे त्यात मंत्रालयानेच नमूद केले. क्षेत्र हजेरीचे असले तरी दोष तोच आहे : फाईल आली, एवढ्यावरच उत्तर मान्य झाले.

चित्रात न मावणारे

भीमाकाठची काळी जमीन ओलीने फुगते आणि सुकली की आक्रसून भेगाळते. अशा जमिनीत पाया मुरमापर्यंत किंवा कठीण थरापर्यंत नेला नाही, तर भिंतींना तडे जाण्याची भीती असते. पायाची खोली, सळयांची जाडी, कड्यांमधील अंतर या गोष्टी माती लोटल्यावर किंवा काँक्रीट ओतल्यावर कायमच्या झाकल्या जातात. जोत्याच्या छायाचित्रात जोते दिसते, त्याखालचा पाया दिसत नाही. शिवाय भ्रमणध्वनीच्या स्थाननोंदीत काही मीटरचा फरक पडू शकतो. लगतच्या दोन घरकुलांतील भेद तीवरून निश्चित होईलच असे नाही.

अर्थात, जोडचित्राचे मोल नाकारता येणार नाही. मोजमाप पुस्तिका कार्यालयात बसूनही भरता येते. छायाचित्रासाठी कोणाला तरी जागेवर जावेच लागते. न बांधलेले घर बांधले असे दाखविणे त्यामुळे अवघड झाले. मात्र अस्तित्वाच्या पुराव्याला गुणवत्तेचा पुरावा मानणे, ही या पद्धतीतील मूलभूत गफलत आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी सुचवाव्याशा वाटतात. १. छायाचित्र संपूर्ण सूचीला न जोडता विशिष्ट प्रश्नाला जोडले जावे. २. झाकल्या जाणाऱ्या कामाचे छायाचित्र झाकण्यापूर्वी आणि मोजपट्टी ठेवून घेतले जावे. ३. जोडणी पूर्ण झाल्याची पोच, फाईलच्या क्रमांकासह, घरमालकाला मराठीत मिळावी. ४. तांत्रिक कारणाने जोडणी अपुरी राहिल्यास तिचा भार लाभार्थ्याच्या हप्त्यावर पडू नये. ५. सामाजिक अंकेक्षणाच्या वेळी प्रश्न व चित्र शेजारी ठेवून ग्रामसभेत दाखविले जावे. कारण पाया किती खोल गेला, हे खोदणाऱ्या मजुराला आणि शेजाऱ्याला ठाऊक असते.

धरणासाठी एकदा घर सोडलेल्या कुटुंबांच्या पुढील पिढ्या याच काठावर घरे बांधत आहेत. त्यांच्या घराविषयीची नोंद खरी असावी आणि ती तपासण्याचा अधिकार त्यांनाही असावा, ही अपेक्षा वाजवी आहे. तपासणी सूची अखेर कोणाला उत्तरदायी आहे, कार्यालयाला की त्या छताखाली राहणाऱ्या माणसांना, यावरच जोडचित्राचे मूल्य ठरेल.