केळ्याच्या फोडींची कैफियत

देवळातील समाराधनेच्या पंगतीत परगावच्या एका पाहुण्याने केळ्याची फोड मोडता मोडता शेरा मारला, "हा तर सोवळ्यातला तळलेला मासा!" पंगत हसली, मीही हसलो. परंतु वकिली पेशामुळे असा शेरा विरून जात नाही. तो आरोपपत्रासारखा मनात दाखल होतो. केळ्याची फोड ही खरोखरच नक्कल आहे काय?

आरोपाच्या बाजूचा पुरावा दुबळा नाही. सोमवारी किंवा श्रावणात आमच्या घरांत मासळी वर्ज्य असते, आणि नेमकी त्याच दिवशी कच्च्या केळ्याची, नीरफणसाची वा सुरणाची फोड पानात येते. तवा तोच, हळद-तिखट तेच, वरचा रवाही तोच. ज्याच्या जागी येऊन बसायचे त्याचाच पोशाख घालायचा, याला नक्कल म्हणू नये तर काय म्हणावे?

पण पोशाखावरून कूळ ठरत नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची कल्पना समजावताना स्वयंपाकाचाच दृष्टान्त घेतला आहे: नाना व्यंजने व मसाले यांच्या संयोगाने जसा अन्नात रस निपजतो, तसा भावांच्या संयोगाने नाट्यात. संयोगात मूळ द्रव्य हरवत नाही, प्रकटते. तेव्हा फोडीची परीक्षा एकाच प्रश्नाने व्हावी. मसाल्याने केळे प्रकट केले, की झाकले?

कच्च्या केळ्याचा स्वभाव पाहा. त्याला वास जवळजवळ नाही. आहे तो पिठूळपणा आणि किंचित तुरटपणा. सोलताना चीक हाताला लागतो, म्हणून जाणती बाई आधी हाताला तेल लावते. कापलेली फोड हवेने काळवंडते, म्हणून ती लगेच पाण्यात जाते. नंतर मीठ, हळद, तिखट, हिंग आणि तुरटपणाला जाब देण्यापुरते आमसुलाचे आगळ किंवा चिंचेचा कोळ. यांतले तिखट मूळचे अमेरिकेतले. पोर्तुगीज अमदानीत, सोळाव्या शतकात, ते आपल्या किनाऱ्यावर आले. केळे त्याच्या कितीतरी आधीपासून आपले. मीठ लावलेल्या फोडी दहा मिनिटे ठेवल्या की त्यांना स्वतःचेच पाणी सुटते, आणि त्या ओलाव्यावर रवा आपोआप धरतो. वेगळे पीठ भिजवावे लागत नाही. फोडीचे आवरण फोडीनेच धारण केलेले असावे, हा या कृतीचा पहिला न्याय.

दुसरा न्याय विस्तवाचा. कच्च्या केळ्यातील पिष्ट शिजायला वेळ हवा. आच प्रखर झाली तर रवा लाल होतो आणि आत कच्चट राहते; फार मंद झाली तर फोड तेल पिते. पिकल्या केळ्याचे गणित निराळे. त्यातील पिष्टाची साखर झालेली असते, म्हणून ते लवकर करपते. आच आणखी उतरवावी लागते. ज्या मयड्याच्या केळ्याला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची पिकी फोड तिखट-मीठ लावून तळली की गोड आणि तिखट एकमेकांशी भांडत नाहीत, आळीपाळीने बोलतात. मासळीत हा संवाद कोठे आहे? नक्कल मुळापलीकडे काही सांगत नाही. ही फोड सांगते.

आता त्या पंगतीकडे परत येऊ. तेथील फोडी जाड कापलेल्या, तांदळाच्या पिठाच्या घट्ट लेपात बुडवून सकाळीच तळून ठेवलेल्या होत्या. वर भडक तिखट, आत थंड गोळा. डोळे मिटून खाल्ल्या असत्या तर लेपाखाली केळे आहे की बटाटा, हे सांगता आले नसते. पाहुण्याचा शेरा त्या पानापुरता खरा होता, हे मला कबूल केले पाहिजे. गुन्हा शाबीत आहे. फक्त आरोपी फोड नव्हे, आपण आहोत. गर्दी वाढली, कंत्राटे आली, आणि वेळ वाचवण्यासाठी आपण केळ्यावर पडदा टाकला.

हे देवळाच्या संदर्भात अधिक बोचते. नैवेद्याचे अन्न रांधणारीने आधी चाखायचे नसते. मग मीठ बेताचे आहे, फोड शिजली आहे, हे कळणार कसे? कानाने आणि नाकाने. पाणी आटत जाते तसा तव्यावरचा चरचराट बारीक होत जातो. तो मंदावला की फोड उलटायची, असे माझी आई पाठमोरी बसून सांगत असे. मुंबईच्या सारस्वत महिला समाजाच्या ‘रसचंद्रिके’सारख्या पुस्तकांनी आपली प्रमाणे जपली, त्यांचे ऋण मोठे आहे; परंतु तो आवाज पुस्तकात उतरत नाही. तो ऐकणारा कान घरोघरी तयार व्हावा लागतो. आज परदेशी असलेली माझी मुलगी पत्रातून प्रमाण विचारते. मी लिहून पाठवतो, आणि पुढे लिहितो, "तव्याजवळ उभी राहा."

देवस्थानच्या कारभाऱ्यांना माझी विनंती लहानशीच आहे. पानात चार फोडी वाढण्याऐवजी दोनच वाढाव्यात. पण त्या पातळ असाव्यात, रव्यातल्या असाव्यात आणि पंगत बसल्यावर तळलेल्या असाव्यात. पुढच्या खेपेस तो पाहुणा आला, तर त्याला मासा आठवू नये, केळे आठवावे.