‘जीव घाबरणे’ आणि जीवनगुणवत्तेची मोजपट्टी

हृदयाचे ठोके, रक्तदाब, घाम, पचन इत्यादी व्यापार मनुष्याच्या इच्छेवाचून चालविणारी जी स्वायत्त मज्जासंस्था, तिच्यात बिघाड झाला म्हणजे एक अत्यंत साधी वाटणारी क्रिया रुग्णाला दुष्कर होते. ती म्हणजे उभे राहणे. शॉन्डॉर्फ आणि लो यांनी १९९३ मध्ये वर्णिलेल्या ‘पॉट्स’ या विकारात प्रौढ रुग्ण उभा राहिल्यापासून दहा मिनिटांच्या आत नाडीचे ठोके मिनिटाला ३० किंवा त्याहून अधिक वाढतात, आणि रक्तदाब मात्र फारसा उतरत नाही. दुसऱ्या एका प्रकारात, जो वृद्धांत व जुन्या मधुमेह्यांत आढळतो, उभे राहताच तीन मिनिटांत वरचा रक्तदाब निदान २० अंकांनी खाली येतो. ही मापे यंत्राने घेता येतात. परंतु रुग्णाचे जगणे किती आक्रसले हे नाडी सांगत नाही. ते त्यालाच विचारावे लागते, आणि विचारणे म्हटले की भाषेचा प्रश्न आला.

असे विचारण्याचे महत्त्व थोडे नाही. पॉट्सच्या रुग्णांचे, ज्यांत तरुण स्त्रियांचे प्रमाण फार मोठे आहे, जीवन जुनाट श्वसनरोग वा हृदयाच्या अकार्यक्षमतेने पीडित रुग्णांइतकेच बाधित असते, असे मेयो क्लिनिकमधील अभ्यासात २००२ मध्ये दिसून आले. ‘हिला काही झालेले नाही’ या शेऱ्याला प्रश्नावलीने दिलेले ते उत्तर होते. मात्र ती प्रश्नावली इंग्रजी होती. तिच्या जातीची साधने नांदेड-लातूरकडच्या रुग्णापुढे ठेवली असता काय घडेल, याचा विचार अवश्य झाला पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २६ प्रश्नांच्या संक्षिप्त प्रश्नावलीचा पहिलाच प्रश्न एकंदर जीवनगुणवत्तेविषयी आहे. ‘जीवनमान’ म्हणावे तर ऐकणारा जमीन, विहीर आणि मिळकत यांचा हिशेब सांगू लागेल. ‘गुणवत्ता’ म्हणावे, तर ज्या लातूरने परीक्षेतील यशाचा ‘पॅटर्न’ महाराष्ट्राला दिला तेथे हा शब्द गुणवत्ता यादीचीच आठवण करून देणार! ‘सध्या दिवस कसे चालले आहेत?’ हा प्रश्न परिभाषेला कमी, पण अर्थाला अधिक जवळचा ठरेल.

स्वायत्त विकारांसाठीच रचलेली, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली ३१ प्रश्नांची ‘कॉम्पास’ प्रश्नावली लक्षणांची तीव्रता मोजते, आणि तिच्या शंभर गुणांपैकी ४० गुण उभे राहण्याच्या त्रासाला आहेत. तिच्या आरंभीच्या प्रश्नात भोवळ आणि विचार न सुचणे यांच्या जोडीला ‘गूफी’ असा एक घरगुती इंग्रजी शब्द येतो. ‘खुळ्यासारखे’ हे त्याचे कोशगत भाषांतर होईल, परंतु ते ऐकून रुग्ण दुखावेल. ‘सुधरत नाही’ हा नित्याचा प्रयोग येथे चपखल आहे. याच प्रश्नात बसून किंवा निजून उठण्याचा उल्लेख आहे. त्यातील बसणे हे खुर्चीवरचे. मराठवाड्यातील पुष्कळसे बसणे जमिनीवरचे आहे. चुलीपुढे, खुरपताना, धुण्याच्या दगडापाशी ते उकिडवे असते. उकिडव्याने पायांतील रक्त वर ढकलले जाते आणि उठताच ते पुन्हा खाली उतरते, म्हणून त्या उठण्यात दाब अधिक कोसळतो. उलट तोल जाऊ लागताच खाली बसणे हा उपायही आहे, आणि ‘मटकन बसणे’ हा शब्दप्रयोग भाषेने केव्हाच करून ठेवला आहे. प्रश्नावलीला मात्र तो ठाऊक नाही.

याहून गंभीर अडचण ‘जीव घाबरणे’ या प्रयोगाची आहे. ‘उभं राहिलं की जीव घाबरा व्हायलाय,’ असे म्हणणारी बाई भीतीविषयी बोलत नसते. धडधड, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी आणि आता पडणार ही जाणीव, इतके सारे ती एका वाक्यात सांगते. ‘जीव’ हा शब्द शरीर आणि मन यांच्या सीमेवर उभा आहे. मराठीने तेथे कुंपण घातलेले नाही. प्रश्नावली मात्र शारीरिक आणि मानसिक अशी खाती वेगळी ठेवते, आणि ‘घाबरणे’ ऐकताच प्रश्नकर्ता ती नोंद दुसऱ्या खात्यात टाकतो. परिणाम असा की, जिची नाडी उभ्याने १३० वर जाते तिच्या कागदावर ‘चिंता’ लिहिली जाते. हा दोष केवळ भाषांतराचा नव्हे. बेक यांच्या १९८८ च्या २१ कलमी चिंतामापिकेतही धडधड आणि भोवळ ही चिंतेचीच लक्षणे गणली आहेत. तेथे पॉट्सचा रुग्ण काहीही न भिता चिंताग्रस्त ठरू शकतो. अशा रुग्णांना खरी चिंता कधीच नसते, असे अर्थात म्हणता येणार नाही. परंतु ‘हे निजल्यावर थांबते काय?’ हा एक जोडप्रश्न विचारला, तर दोन्ही अर्थ बऱ्याच अंशी वेगळे होतील. तो विचारला जात नाही, हे आश्चर्य.

श्रेणीदर्शक शब्दांबाबत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकल्पाने घालून दिलेली रीत अनुकरणीय आहे. दोन टोकांच्या शब्दांमध्ये दहा सेंटिमीटरची रेघ ओढून मधला शब्द लोकांनाच तिच्यावर बसवावयास सांगितले जाई. ‘क्वचित’ आणि ‘अधूनमधून’ हे पुस्तकी शब्द छापण्यापूर्वी ‘कवाकवा’, ‘सारखं’, ‘रोजच’ यांना त्या रेघेवर आपापली जागा मिळाली पाहिजे. तेलुगूच्या शेजारचे नांदेड आणि कन्नडच्या शेजारचे लातूर येथे ही जागा एकच निघेल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. रेघ दोन्हीकडे स्वतंत्रपणे ओढावी लागेल.

राहिली कामांची यादी. १९९२ च्या ३६ प्रश्नांच्या प्रसिद्ध प्रश्नावलीत मध्यम श्रमाचे उदाहरण म्हणून झाडण्याचे विद्युत्‌यंत्र आणि गोल्फ येतात. या विकारात भरपूर पाणी पिणे हा उपचाराचाच भाग आहे, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. टँकरपुढच्या रांगेत घागर घेऊन किती वेळ उभे राहवते, हा प्रश्न यांपैकी एकाही प्रश्नावलीत नाही.