‘आज्ञापत्रा’तील वतनविचार

१७१५ च्या सुमाराचे रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ राजनीतिग्रंथ म्हणून मान्यता पावले आहे. त्यातील शब्दविवेकही तितकाच अभ्यसनीय आहे. अरबीत ‘इनाम’ म्हणजे अनुग्रह व ‘वतन’ म्हणजे जन्मभूमी. मराठीत मात्र ‘वतन’ हे वंशपरंपरागत हक्काचे नाव झाले. आजची कृपा उद्या हक्क होते, हे ओळखूनच अमात्य वतनदारांना राज्याचे ‘दायाद’ म्हणतात. वारसाविषयक धर्मशास्त्रीय संज्ञेची राजकारणातील ही योजना अत्यंत मार्मिक होय.

या विचाराचा पडताळा सोलापूरलगतच्या अक्कलकोटात येतो. १७०७ मध्ये पारद येथील चकमकीत पडलेल्या लोखंडे पाटलाच्या मुलाचा शाहूंनी सांभाळ केला. तोच फत्तेसिंह भोसले. त्यास कृपेने मिळालेले अक्कलकोट १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत त्याच्या घराण्याकडे राहिले.

तथापि मोगल जहागिरी देऊन सरदार फोडीत असता राजारामाच्या काळी (१६८९–१७००) वतने वाटावी लागली, आणि महाराष्ट्रातील त्या कारभाराची सूत्रे अमात्यांकडेच होती. बावड्याची जहागीर तर त्यांच्याच वंशात चालली. म्हणून या उपदेशाकडे निव्वळ तत्त्वचर्चा म्हणून पाहता येत नाही. ज्या हातांनी वतने दिली त्यांनीच तो लिहिला आहे, आणि त्याचे वजनही त्यातच आहे.