‘वंडरफुल लाइफ’ आणि उत्क्रांतीची शिडी : एक पुनर्विचार

प्रास्ताविक

‘उत्क्रांती’ या शब्दातील ‘उत्’ हा उपसर्ग वर जाण्याचा बोध करून देतो. मराठीत हा शब्द इतका रुळला आहे की, जीवसृष्टीचा इतिहास म्हणजे खालून वर जाणारी वाटचाल होय, हे गृहीतक त्यासोबत नकळत मनात रुजते. ‘प्रगत प्राणी’ व ‘अप्रगत प्राणी’ ही अध्यापनातील नित्याची विशेषणे त्याला खतपाणीच घालतात. अमेरिकन पुराजीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड (१९४१-२००२) यांचा ‘वंडरफुल लाइफ’ (१९८९) हा ग्रंथ याच गृहीतकाविरुद्ध लिहिलेला आहे. ग्रंथ प्रसिद्ध होऊन तीन दशकांहून अधिक काळ लोटला असून त्यातील पुराव्याचा मोठा भाग नंतरच्या संशोधनाने बदलला आहे. पुरावा बदलल्यावर मूळ भूमिका कितपत टिकते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ग्रंथाची मांडणी

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील रॉकी पर्वतात, बर्जेस शेल या खडकात, चार्ल्स वॉलकॉट यांना १९०९ मध्ये सुमारे ५० कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या सागरी प्राण्यांचे जीवाश्म सापडले. एरवी केवळ कवचे व हाडेच शिल्लक राहतात. येथे मात्र मऊ अवयवांचेही ठसे उमटले होते. वॉलकॉट यांनी हे सर्व प्राणी आजच्या परिचित गटांतच बसविले. १९७० च्या दशकात केंब्रिज विद्यापीठातील हॅरी व्हिटिंग्टन आणि त्यांचे विद्यार्थी डेरेक ब्रिग्ज व सायमन कॉनवे मॉरिस यांनी त्यांची फेरतपासणी केली. पाच डोळे आणि सोंडेसारखा अवयव असलेला ओपाबिनिया कोणत्याही ज्ञात गटात बसेना. अ‍ॅनोमॅलोकॅरिसचे अवयव तर पूर्वी कोळंबीसदृश प्राणी, जेलीफिश असे वेगवेगळे जीव म्हणून नोंदविले गेले होते.

यावरून गूल्ड यांनी तीन विधाने केली. पहिले, प्रजातींची संख्या आणि शरीररचनेतील मूलभूत भिन्नता या दोन वेगळ्या बाबी असून, रचनेतील भिन्नता प्रारंभीच सर्वाधिक होती. पुढे ती घटत गेली. दुसरे, त्यांतील कोणते वंश टिकले हे श्रेष्ठतेवर नव्हे, तर बव्हंशी योगायोगावर ठरले. तिसरे, इतिहासाची ध्वनिफीत मागे नेऊन पुन्हा वाजविली, तर दर वेळी वेगळीच जीवसृष्टी निर्माण होईल. ग्रंथाचा शेवट पिकाया या लहान प्राण्यावर होतो. पृष्ठरज्जू असलेल्या प्राण्यांचा तो आद्य प्रतिनिधी. तो वंश टिकला नसता तर मानवही नसता, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

पुराव्याची पडझड

यांपैकी पहिले विधान आज टिकत नाही. १९९२ मध्ये ब्रिग्ज, फोर्टी आणि विल्स यांनी कॅम्ब्रियन व आजच्या संधिपाद प्राण्यांच्या रचनांची मोजणी करून तुलना केली. तेव्हा जुन्या प्राण्यांतील भिन्नता आजच्यापेक्षा जास्त असल्याचे दिसले नाही. ओपाबिनिया आणि अ‍ॅनोमॅलोकॅरिस हे आता संधिपादांच्या मूळ शाखेचे नातेवाईक मानले जातात. हॅलुसिजेनिया हे उदाहरण तर विशेष बोलके आहे. काट्यांवर चालणारा प्राणी म्हणून त्याचे चित्रण झाले होते. चीनमधील जीवाश्मांच्या आधारे १९९१ मध्ये राम्सकोल्ड आणि होउ यांनी दाखवून दिले की, तो उलटा काढला गेला होता. काटे पाठीवर होते. तो वेल्व्हेट वर्म या आजच्या प्राण्यांचा दूरचा नातलग ठरला.

पिकायाचे स्थानही डळमळले. चीनच्या युन्नान प्रांतातील, सुमारे ५१ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या चेंगजियांग जीवाश्मांत माशांसदृश प्राणी सापडल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे आपला वंश पिकायाच्या एकाच धाग्यावर लोंबकळत नव्हता.

येथे समीक्षकाने एक बाब नोंदविली पाहिजे. वॉलकॉट यांना सर्वत्र परिचितच दिसले, म्हणून गूल्ड त्यांना दोष देतात. परंतु स्वतः गूल्ड यांना सर्वत्र अपरिचितच दिसले. दोघांचीही दृष्टी अपेक्षेने घडविलेली होती. पूर्वग्रह निरीक्षणाला कसे वळण देतो, हा ग्रंथातील सर्वांत सकस विचार लेखकाला स्वतःलाही लागू पडतो.

उरलेला प्रश्न

तथापि, पहिले विधान पडले म्हणून तिसरेही आपोआप पडत नाही. कॉनवे मॉरिस यांनी १९९८ व २००३ मधील आपल्या ग्रंथांत गूल्ड यांना विरोध केला. कॅमेऱ्यासारखा डोळा मनुष्य आणि ऑक्टोपस यांच्यात स्वतंत्रपणे घडला. तेव्हा जीवसृष्टीपुढील वाटा मोजक्याच आहेत, असे ते म्हणतात. हा आक्षेप सबळ आहे. मात्र डोळा पुन्हा घडू शकतो म्हणून मनुष्य पुन्हा घडेल, असे त्यातून सिद्ध होत नाही.

रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये सुरू केलेला जिवाणूंचा प्रयोग या वादात महत्त्वाचा आहे. एकाच पूर्वजापासून वाढविलेल्या ई. कोलायच्या बारा समूहांत पेशींचा आकार आणि वाढीचा वेग साधारण सारख्याच दिशेने वाढला. परंतु प्राणवायूच्या उपस्थितीत सायट्रेट वापरण्याची क्षमता सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर एकाच समूहात आली. गोठवून ठेवलेल्या जुन्या पिढ्यांपासून प्रयोग पुन्हा केला असता, त्याच समूहाच्या नंतरच्या पिढ्यांतूनच ती पुन्हा उद्भवली. पूर्वी घडलेल्या बदलावर पुढील बदल अवलंबून होता, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांतून दिसते. जी ध्वनिफीत गूल्ड केवळ कल्पनेत वाजवीत होते, ती येथे अल्प प्रमाणात प्रत्यक्ष वाजली. आणि तिच्यातून पुनरावृत्ती व प्रसंगाधीनता असे दोन्ही सूर ऐकू आले.

समारोप

सारांश, ‘वंडरफुल लाइफ’ हा बर्जेस शेलचा अद्ययावत परिचय म्हणून आज वाचता येणार नाही. उत्क्रांतीच्या शिडीवरील टीका म्हणून मात्र तो अवश्य वाचावा. नैसर्गिक निवड ही त्या त्या परिस्थितीशी जुळणाऱ्यांची असते. तिला शिखर नसते. आज जिवंत असलेला जिवाणू आणि मनुष्य यांच्यामागे समान पूर्वजापासूनचा कालावधी सारखाच आहे. मग एकाला ‘अप्रगत’ कोणत्या अर्थाने म्हणावयाचे? ‘उत्क्रांती’ हा शब्द बदलण्याची गरज नाही. रूढ शब्द व्युत्पत्तीच्या पलीकडे जाऊ शकतात. परंतु तो वर्गात उच्चारताना फळ्यावर शिडी काढावयाची की फांद्यांचे झाड, हा निर्णय अध्यापकाचाच आहे. झाडाला अनेक शेंडे असतात आणि मनुष्य हा त्यांपैकी एक आहे, एवढे जरी विद्यार्थ्याच्या मनावर ठसले, तरी या ग्रंथाचे प्रयोजन सफल झाले असे म्हणता येईल.