पहिल्या ऐकण्याची भूल

महागड्या ध्वनियंत्रणेच्या शौकिनांना ‘हा नाद कसा लागला?’ असे विचारून पाहा. बहुधा एकच हकिकत ऐकायला मिळते. एके दिवशी कुणाच्या घरी किंवा दुकानात ओळखीचेच गाणे लागले आणि ‘यात तंबोरा आहे हे आजवर कळलेच नव्हते!’ असे वाटले. हा आनंद खोटा नाही. आमचा आक्षेप आहे तो त्यातून काढलेल्या निष्कर्षावर: ‘यंत्र महाग, म्हणून गाणे सुंदर.’

आम्हीही या भुलीत सापडलो होतो. १९९६ साली, तेव्हाच्या औरंगाबादेत, आम्ही नुकतेच दहावी झालो होतो. एका दुकानात गालिचा, जाड पडदे, गुबगुबीत सोफे. दुकानदाराने आधी साधा संच लावला, मग महागडा. तो लावताना आवाजाची कळ किंचित पुढे सरकवली. वडील शाळामास्तर. आमच्या हट्टापायी त्यांनी पतपेढीतून कर्ज काढले. घरी शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती. तेच गाणे नुसते घुमू लागले. वडील काही बोलले नाहीत. हप्ते मात्र दोन वर्षे चालले.

चूक कोठे झाली? पहिली, त्या कळीपाशी. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले, की आवाज लहान असताना आपल्या कानाला खर्ज फारच कमी ऐकू येतो. आवाज वाढवला की तो भरून येतो. शिवाय एकदोन डेसिबेलची वाढ ‘मोठा आवाज’ म्हणून लक्षात येत नाही, ‘चांगला आवाज’ म्हणून भावते. दुसरी चूक खोलीची. कापड ध्वनी शोषून घेते, फरशी तो परतवते. तिसरी आकड्याची. खोक्यावर ‘१००० वॅट पीएमपीओ’ छापले होते. यंत्रामागच्या पट्टीवर विजेचा खप होता ६० वॅट. पीएमपीओ म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीचा आकडा, तोही कोणत्याही ठरलेल्या प्रमाणाविना काढलेला. ६० वॅट घेणारे यंत्र सतत १००० वॅट कसे देईल? ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आम्हाला पाठ होता; तो खोक्याला लावावा हे सुचले नाही.

गाण्यावर जीव जडायला उत्तम यंत्र लागतेच असेही नाही. १९३७ साली निवर्तलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीनसाडेतीन मिनिटांच्या तबकड्या खरखरीसकट आजही मन हेलावतात.

अमर बोस यांचे उदाहरण बोलके आहे. १९५६ साली एमआयटीत डॉक्टरेट संपत असताना त्यांनी कागदावरचे आकडे पाहून एक उत्तम संच घेतला. व्हायोलिन शिकलेल्या त्यांच्या कानाला तो पटला नाही. त्यांनी ‘असे का?’ हा प्रश्न धरला. सभागृहातला बराचसा ध्वनी भिंती-छतावरून परतून श्रोत्यापर्यंत येतो, याचा त्यांनी अभ्यास केला. १९६४ साली स्वतःची कंपनी काढली.

वर्गात एक प्रयोग करता येईल. पडद्याआड दोन संचांवर एकच गाणे लावा, एकाचा आवाज किंचित मोठा ठेवून. कोणता चांगला, हे मुलांना लिहायला सांगा. मग मोबाइलवरील ध्वनिमापकाने दोन्ही आवाज सारखे करा आणि पुन्हा विचारा. दोन्ही कागद शेजारी ठेवा.

त्या दुकानात आम्ही एवढेच म्हणायला हवे होते: ‘आवाज सारखा करून पुन्हा लावता का?’