शेळीऐवजी शहामृग

बालवाङ्मयाची चर्चा करताना अंकलिपीला सहसा कोणी वाङ्मयात जमा धरीत नाही. बडबडगीत, बालकथा, बालनाट्य यांना समीक्षेच्या ओसरीवर थोडीबहुत जागा मिळाली. परंतु मुलाच्या हाती पडणारे पहिले छापील पुस्तक शिक्षणशास्त्र आणि बाजारपेठ यांच्या स्वाधीन करून समीक्षक मोकळे झाले. वस्तुतः वाचकाची घडण ज्या संहितेपासून सुरू होते ती हीच. तिच्यात निवड आहे, गाळणी आहे, प्रतिमांची एक व्यवस्था आहे. आणि जेथे निवड आहे तेथे दृष्टीही असतेच. मराठी अंकलिपीची ही दृष्टी तपासावयाची तर तिच्यातील प्राण्यांपासून आरंभ करणे सोयीचे पडेल. चारपाच वर्षांच्या मुलाचे लक्ष आधी पानावरील प्राण्याकडे जाते, अक्षराकडे नंतर.

पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या अंकलिप्या चाळल्या तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. शेतकऱ्यांचा म्हणविणाऱ्या ह्या प्रांताच्या पहिल्या पुस्तकात शेतकऱ्याच्या गोठ्यातील जनावरे फारशी नाहीतच. ‘ब’ला बदक आहे, ‘म’ला पुष्कळदा मगर, ‘स’ला ससा, ‘ह’ला हरीण आणि ‘श’ला थेट आफ्रिकेतून आलेले शहामृग. म्हैस नाही, शेळी नाही, मेंढी नाही, कोंबडी नाही. गाय काही ठिकाणी येते. पण ‘ग’च्या घरावर गवताचा आणि गणपतीचा हक्क तिच्याहून अधिक. एकटा एडका तेवढा ‘ए’च्या आधाराने पानावर टिकून राहिला. बोलण्यातून हा शब्द बहुतेक ठिकाणी मागे पडला तरी अंकलिपीत तो अजून शिंगे रोखून उभा आहे.

ह्या निवडीमागे अडाणीपणा आहे असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. अंकलिपीकारापुढे खरी अडचण होती. देवनागरीत मूळाक्षर आधी आणि मात्रा नंतर असा शिकविण्याचा क्रम एकदा पत्करला, की ज्या शब्दाच्या आरंभी निव्वळ मूळाक्षर असेल तोच शब्द उपयोगी पडतो. गाय हा शब्द ‘ग’ने सुरू होत नाही, ‘गा’ने होतो. बैलाच्या आरंभी दोन मात्रा, घोड्याच्या आरंभी काना आणि मात्रा, कोंबडीच्या आरंभी ह्यांच्या जोडीला अनुस्वारही, आणि म्हशीच्या आरंभी तर जोडाक्षर! शेळीची मात्रा एकच, पण तीही मुलाला अद्याप परकी. याउलट बदक हा शब्द किती निर्मळ! तीन अक्षरे, तिन्ही उघडी, एकही खूण अंगावर नाही. देशावरच्या किती घरांत बदके पाळली जातात हा प्रश्न मग कोणी विचारीत नाही. मुलाच्या जिव्हाळ्याचे जे जे जनावर ते ते लिपीच्या दृष्टीने अवघड, आणि लिपीला जे सोपे ते मुलाला दूरचे, असा हा पेच आहे. अंकलिपीने तो लिपीच्या बाजूने सोडविला आणि शेळीऐवजी शहामृग आणले.

परंतु हा नियम अंकलिपीला स्वतःलाही शेवटपर्यंत पाळता आलेला नाही. ‘ण’ने आणि ‘ळ’ने मराठीत शब्दच सुरू होत नाही. तेथे ती निमूटपणे बाण आणि बाळ यांचा आश्रय करते, म्हणजे अक्षर शब्दाच्या शेवटी ऐकावयास सांगते. मुलांना त्यात काही वावगे वाटल्याचे ऐकिवात नाही. तेव्हा आद्याक्षराचा आग्रह ही केवळ सवय आहे, लिपीची ती अपरिहार्य गरज नव्हे.

ह्या सवयीला पर्याय फार जुना आहे. कोमेनियसने १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध केलेल्या ‘ऑर्बिस पिक्टस’ ह्या सचित्र पुस्तकाच्या आरंभी जी वर्णमाला आहे, तिच्यात अक्षराला प्राण्याच्या नावाशी जोडण्याऐवजी त्याच्या आवाजाशी जोडले आहे. कोकराचे बेंबाटणे, हंसाचा कलकलाट, कावळ्याची काव काव यांतून एकेक वर्ण मुलाच्या कानावर येतो. मूल आधी तो आवाज काढते आणि मग त्याची खूण पाहते. अक्षर म्हणजे ध्वनीची खूण, हे वाचनाचे मूलतत्त्व एवढ्या सरळपणे क्वचितच मांडले गेले असेल. रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’मध्ये (१९३०) वाट वेगळी आहे. तेथे अक्षरे वस्तूंना टांगलेली नाहीत. ती स्वतःच काहीबाही करीत असतात, आणि नंदलाल बोस यांची चित्रे त्यांना साथ देतात. दोन्ही पुस्तकांत मुलाला अक्षराची घटना भेटते. मराठी अंकलिपीत त्याला यादी भेटते.

मराठीला तर ह्या बाबतीत आवाजांची केवढी श्रीमंती लाभली आहे! गाय हंबरते, म्हैस रेकते, बैल डुरकतो, घोडा खिंकाळतो, कोंबडा आरवतो. ही क्रियापदे मुलाला शिकवावी लागत नाहीत, ती गोठ्याच्या वासाबरोबर येतात. अंकलिपीत त्यांना प्रवेश नाही. तेथे प्राणी नेहमी गप्प उभा असतो, एका कुशीवर वळलेला, पाठीमागे काही नसलेला.

ह्या उणिवेची किंमत महाराष्ट्रात फारशी जाणवत नाही, कारण पुस्तकाने गाळलेले अंगण भरून काढते. ती जाणवते ती महाराष्ट्राबाहेर, आणि तिचे स्पष्ट उदाहरण म्हणून झाशीकडे पाहता येईल. मराठी वाचकाची झाशी बहुधा १८५८ पाशी थांबते. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मधील वेढा, आग, लूट आणि ग्रंथसंग्रहाची वाताहत वाचून तो पुस्तक मिटतो. परंतु १७४२ मध्ये नारो शंकर सुभेदार म्हणून तेथे गेले तेव्हापासून मराठी घरांनी त्या शहरात जी मुळे धरली, ती लढाईबरोबर संपली नाहीत. ज्या गणेश मंदिरात १८४२ मध्ये लक्ष्मीबाईंचा विवाह झाल्याचे सांगतात, ते मंदिर आजही तेथील मराठी माणसांचे एकत्र येण्याचे ठिकाण आहे. ह्या घरांतील मुले काय वाचतात, कशी वाचावयास शिकतात, याची चौकशी मराठी समीक्षेने कधी केलेली नाही.

अशा घरात एक समजूत सहज रूढ होते. हिंदीची लिपी आणि मराठीची लिपी एकच. मूल शाळेत हिंदी वाचू लागले की मराठी त्याला आपोआप वाचता येईल, निराळे शिकवावयाचे ते काय? समजूत वरवर पटण्याजोगी आहे. ती खरी असती तर बृहन्महाराष्ट्रात मराठी बोलणारी पण मराठी पुस्तक हाती न धरणारी इतकी माणसे आढळली नसती. अक्षरांचा उच्चार करता येणे निराळे, वाचता येणे निराळे. मुलाच्या स्वतःच्या गावाचेच नाव घ्या. घरी ते झाशी आहे, शाळेत झाँसी. एक चंद्रबिंदू वाढला आणि ‘श’चा ‘स’ झाला.

गोठ्यात शिरल्यावर तर हा भेद पावलोपावली भेटतो. शाळेतल्या घोड़ाच्या ‘ड’खाली एक टिंब असते, घरच्या घोड्याला ते नाही, आणि गल्लीतल्या बुंदेलीत ‘ड़’च्या जागी पुष्कळदा ‘र’ ऐकू येतो. एकाच जनावराचे तीन उच्चार, आणि त्यांतील एकच पुस्तकात! जनावर ह्या शब्दाचा मराठी ‘ज’ दंत्य, हिंदी जानवरचा तालव्य. अक्षर एक असून जीभ दोन ठिकाणी टेकते. आणखी एक गंमत अशी, की मराठीत म्हैस रेकते, हिंदीत गधा रेंकता है. आजीकडून शिकलेले क्रियापद वर्गात वापरणाऱ्या मुलाला सवंगडी हसले, तर त्यात मुलाची चूक नाही आणि सवंगड्यांचीही नाही. मात्र अशा हसण्यानंतर मूल घरचा शब्द घरीच ठेवू लागते. पुढे तो शब्द छापलेला दिसला तरी तो आपला आहे हे त्याला ओळखू येत नाही.

उलट, जेथे शाळेचे पुस्तक दुरावा निर्माण करते तेथे बोलभाषा कधी कधी जवळीक दाखवून देते. प्रमाण हिंदीची बकरी आणि मराठीची शेळी यांत काही साम्य नाही. परंतु बुंदेली खेड्यात बकरीला छिरिया म्हणतात, आणि शेळी व छिरिया हे दोन्ही शब्द प्राकृतातील छेलीच्या कुळातले आहेत. झाशीच्या मराठी मुलाची शेळी शेजारच्या खेडुताच्या छिरियाची सख्खी मावसबहीण ठरते! दोन्ही पुस्तकांनी तिला बाहेर ठेवले, हा योगायोग बोलका आहे.

पुस्तकातील गाय आणि रस्त्यातील गाय यांचे तर नातेच तुटलेले आहे. पुस्तकातील गाय गुटगुटीत असते, दूध देते आणि सर्वांना आवडते. बुंदेलखंडात जनावरे मोकळी सोडण्याची जुनी चाल आहे, तिला अन्ना प्रथा म्हणतात. शेते रिकामी असताना गुरे हिंडत चरावीत हा तिचा मूळ हेतू; पुढे चारा तुटला, बैलांचे काम यंत्राकडे गेले, आणि दूध आटलेली गाय कायमचीच दारोदार झाली. १९६२ मध्ये कुरणे आणि चारा यांच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था ज्या शहरात स्थापन झाली, त्याच शहराच्या परिसरातील मूल ही अन्ना गाय रोज पाहते. तिच्याविषयी त्याला पुष्कळ सांगावयाचे असते. ती काय खाते, कोणाच्या शेतात शिरली, कोणी हाकलली. हे सारे वाक्यांचे धन आहे. ‘गाय दूध देते’ ह्या एका वाक्याने त्याच्यावर झाकण पडते.

ह्या संदर्भात कोसबाडच्या प्रयोगाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. नूतन बाल शिक्षण संघाची १९२६ मध्ये स्थापना झाल्यानंतर ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीस आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर आपले कार्य नेले, तेव्हा त्यांच्यापुढे वारली मुले होती. ह्या मुलांनाही प्रमाण मराठीचे पुस्तक दूरचेच होते. शिवाय ती शाळेत येऊ शकत नव्हती, कारण ती गुरे राखीत होती. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी ह्यातून कुरणशाळा काढली: गुरे जेथे चरतात तेथेच शाळा. शिक्षणाच्या इतिहासात ही हकीगत सोयीची उपाययोजना म्हणून सांगितली जाते. तिचा वाङ्मयीन अर्थ अधिक मोठा आहे. जे जनावर शाळेच्या आड येत होते तेच शाळेत आले. मूल ज्याला नावाने हाक मारते, ज्याच्या खोडी त्याला ठाऊक आहेत, असे जनावर समोर असताना त्याचे नाव लिहून दाखविणे आणि पानावरचे शहामृग दाखविणे ह्यांत जो फरक आहे तोच वाचन आणि पाठांतर ह्यांतला फरक होय. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकविताना सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर याच निष्कर्षाला आल्या होत्या. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात मुलाने मागितलेला शब्दच त्याचा पहिला वाचनशब्द असावा असा आग्रह त्यांनी धरला आहे.

यावर आक्षेप येईल तो असा, की शहरातल्या मुलाला आता ना गोठा ना कुरण. त्याच्यावर शेळ्यामेंढ्या लादणे म्हणजे वडीलधाऱ्यांच्या स्मरणरंजनाचे ओझे त्याच्या दप्तरात घालणे. पुण्यामुंबईच्या बाबतीत ह्या आक्षेपात तथ्य आहे, आणि तेथे बस किंवा मांजर अधिक उपयोगी पडेल. झाशीच्या बाबतीत तो लागू पडत नाही. तेथे जनावर दाराशीच आहे. नाहीसा होत आहे तो त्याचा मराठी शब्द. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आरंभीच्या वर्षांत शक्यतो घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे खरे. पण ज्या घरात आजी मराठी बोलते, वडील हिंदी आणि दूधवाला बुंदेली, तेथील घरची भाषा कोणती हे धोरणातून ठरणार नाही. ते त्या घरातील पहिल्या पुस्तकावर बरेचसे अवलंबून राहील.

असे पुस्तक करावयाचे झाल्यास आरंभ मोठ्या जनावरांनी न करता पिल्लांनी करावा. वासरू, कोकरू, शिंगरू हे शब्द एकाखाली एक लिहून पाहावेत. आरंभीची अक्षरे तिन्ही ठिकाणी निराळी, शेवटचे ‘रू’ मात्र तेच. पाखरू आणि लेकरू त्यांच्या ओळीला येऊन बसतात. करडू आणि रेडकू ऊकाराच्या नात्याने जवळ उभे राहतात. मात्रेची जी भीती अंकलिपीकाराला वाटली, ती येथे उरत नाही. चारदा ऐकलेला शेवट चौथ्यांदा पाहताना मूल तो आपण होऊन ओळखते, आणि ओळखण्यातला आनंद हाच वाचनाचा पहिला आनंद. शिवाय ही सर्व पिल्ले नपुंसकलिंगी आहेत: ते वासरू, ते कोकरू, ते लेकरू. ज्या हिंदीत मुलाचा दिवस जातो तिला हे लिंग नाही. तेथे बछड़ा पुल्लिंगी आणि बछिया स्त्रीलिंगी. मराठीने मात्र गोठ्यातल्या पिल्लांना आणि घरातल्या मुलाला एकाच ‘ते’मध्ये घेतले. व्याकरणाचे हे ममत्व पुढे नियमाने शिकविता येत नाही. ते पहिल्या पानावरच कानावर पडावयास हवे.

राहता राहिला ‘ळ’. हिंदीच्या वर्णमालेच्या तक्त्यात तो सामान्यतः नसतो, आणि शाळेत शिकलेल्या अक्षरांच्या भरवशावर मराठी पान उघडणारे मूल पहिल्यांदा अडखळते ते बहुधा तेथेच. ‘काळा’, ‘फळ’, ‘शाळा’ कुठेही असो. त्याला हा वर्ण दाखविण्यासाठी बाणाप्रमाणे शेवटी दडलेले बाळ शोधण्याची गरज नाही. गल्लीच्या तोंडाशी छिरिया बांधलेली असते. तिच्याकडे बोट दाखवून शेळी म्हणावे, मुलाकडून म्हणवून घ्यावे, जीभ कोठे वळली ते त्याला विचारावे आणि मग पाटीवर मधले ते अक्षर काढावे.