सहा बहिणी, एक शाहरुख आणि माझी फूटपट्टी

डिसेंबर संपत आला की मी फोनमधली एक नोट उघडतो. वर्षभरात थिएटरात पाहिलेल्या सिनेमांची यादी, प्रत्येकापुढे पाचपैकी मार्क आणि एका ओळीचा शेरा. मी समीक्षक वगैरे नाही. शुक्रवारी ऑफिसात कुणी 'तिकिटं काढू का?' म्हणालं की 'काढ' म्हणणाऱ्यांपैकी आहे. २०२३ मध्ये असे चौदा सिनेमे झाले.

परवा यादी वाचताना दोन ओळींवर अडकलो.

'बाईपण भारी देवा' – २. नुसती रडारड. लॉजिक नाही.

'जवान' – ४. पैसा वसूल. लॉजिक घरी ठेवून जा.

दोन्ही शेरे माझेच, मध्ये जेमतेम दोन महिने. एकीकडे लॉजिक नाही म्हणून मार्क कापले, दुसरीकडे तेच नाही म्हणून खूश झालो. असं का, हे शोधायला गेलो आणि वर्षाचा हिशेब वेगळाच लागला.

केदार शिंदेंचा 'बाईपण' ३० जूनला आला. जुलैत मी तो आईला घेऊन पाहिला. थिएटरबाहेर नऊवारी नेसलेल्या, गॉगल लावलेल्या बायकांचे घोळके पोस्टरसमोर फोटो काढत होते. वैशाली नाईक यांनी लिहिलेली गोष्ट साधी आहे: एकमेकींपासून दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. इंटरव्हलनंतर मी दोनदा फोन बघितला. पार्किंगमध्ये आईला म्हणालो, "एवढ्याशा तयारीत असा नाच बसतो का? आणि या वयात गुडघे?" आई काही बोलली नाही. पुढच्या रविवारी भिशीच्या मैत्रिणींबरोबर जाऊन पुन्हा बघून आली.

त्याच महिन्यात, २१ जुलैला, 'ओपनहायमर' आला. त्याची मी रीतसर तयारी केली होती. स्ट्रॉस कोण, काही प्रसंग कृष्णधवल का, यावरचे व्हिडिओ आधीच बघून ठेवले होते. तीन तासांच्या सिनेमात काही समजलं नाही तर तो दोष माझा, हे मी गृहीत धरलं होतं. 'बाईपण'मध्ये काही समजलं नाही तर दोष सिनेमाचा, हेही गृहीतच होतं.

आणि मला खरंच समजलं नव्हतं. मंगळागौर म्हणजे पूजा आणि खेळ, एवढंच ठाऊक. नंतर कधीतरी आईने सांगितलं: लग्नानंतरची पहिली पाच वर्षं, श्रावणातले मंगळवार. रात्रभर जागरण, फुगडी, झिम्मा, पिंगा, लाट्या बाया. "सासरी मोठ्याने हसायची सोय नव्हती रे. त्या रात्री घर डोक्यावर घेतलं तरी कुणी काही बोलायचं नाही." म्हणजे ती नुसती नाचाची स्पर्धा नाही. नव्या नवरीला मिळणारी ती एक रात्र सिनेमातल्या बायका या वयात परत मागताहेत. सगळा सिनेमा या मागणीवर उभा आहे आणि मी गुडघ्यांचा हिशेब करत बसलो होतो.

७ सप्टेंबरला 'जवान' आला. आमची अख्खी टीम पहिल्याच दिवशी गेली. शाहरुख मेट्रो ताब्यात घेतो, सरकारला वेठीला धरतो, बापही तोच, मुलगाही तोच. आम्ही शिट्ट्या मारल्या. दिवाळीत आईने तो घरी टीव्हीवर पाहिला. मध्येच विचारलं, "याचं वय काय रे?"

"आत्ताच अठ्ठावन्न झालं."

"मग याच्या गुडघ्यांचं नाही विचारलंस?"

गंमत म्हणजे 'जवान'मध्येही बायका सहाच आहेत. तुरुंगातल्या, शाहरुखच्या टोळीतल्या. त्यांत आपली गिरिजा ओकही आहे. पण त्यांतल्या मोजक्याच जणींची गोष्ट आपल्याला नीट कळते. बाकीच्या त्याच्यामागे बंदूक धरून उभ्या राहतात. 'बाईपण'मधल्या सहाजणींना मी एकमेकींपासून वेगळं ओळखू शकतो. रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते समोरासमोर येतात, तेव्हा तोंड उघडण्याआधीच दोघींमधला अबोला दिसतो. हे मला जुलैतही दिसलं होतं. मी त्याचे मार्क धरले नाहीत, इतकंच.

'बाईपण' अचानक थोर झाला, असं म्हणायचं नाहीये. प्रत्येकीच्या वाट्याला पाळीपाळीने रडण्याचा प्रसंग येतो. कुठे गलबलायचं ते पार्श्वसंगीत आधीच सांगतं. वर्षानुवर्षांच्या गाठी फार सहज सुटतात. पण हे सगळं 'जवान'मध्येही आहे: आधी अन्यायाचा फ्लॅशबॅक, मग आसवं, मग काही तासांत निकाल. दोन्ही सिनेमे प्रेक्षकाची एक इच्छा पुरवतात. ताटकळत ठेवणारी यंत्रणा एका फोनवर हलावी, ही माझी इच्छा. म्हणून त्या सिनेमाला मी 'मास' म्हणालो. आज घरी कुणालाही विचारून बाहेर पडायचं नाही, ही आईची इच्छा. तिला मी रडारड म्हणालो.

मग सगळ्याच सिनेमांना लॉजिकची सूट द्यायची का? १ डिसेंबरला आलेला 'अ‍ॅनिमल' पाहताना हा प्रश्न सुटला. तोही इच्छाच पुरवतो. मी वाट्टेल तसा वागेन आणि माझ्या वडिलांवरच्या प्रेमापोटी सगळ्यांनी ते सोसावं, ही त्याची इच्छा. ती पुरवताना किंमत मोजतात त्यातल्या बायका. नायक एकीला बूट चाटायला सांगतो तेव्हा माझ्या मागच्या रांगेत टाळ्या पडल्या. त्या क्षणी लॉजिक आहे की नाही, हा प्रश्न अगदी फुटकळ वाटला. इच्छा कुणाची आणि ती कुणाच्या जिवावर पुरवली जातेय, हे विचारायला हवं. 'बाईपण'मध्ये ती कुणाच्याच जिवावर नाही. 'जवान'मध्ये थोडी आहे.

यादीत सगळ्यात जास्त मार्क आहेत 'आत्मपॅम्फ्लेट'ला. साडेचार. परेश मोकाशींनी लिहिलेला, आशिष बेंडेंचा पहिला सिनेमा, ऑक्टोबरातला. दलित घरातला एक शाळकरी मुलगा ब्राह्मण वर्गमैत्रिणीच्या प्रेमात पडतो. त्याची इच्छा एवढीशीच, पण मध्ये अख्खा देश येतो. सिनेमा सतत हसवतो, पण कुणाला हसायचं याचं भान सोडत नाही. एकदोन ठिकाणी मी हसता हसता थांबलो, कारण विनोद माझ्यासारख्यांवरच होता. थिएटरात आम्ही अकराजण होतो. मी चार मित्रांना मेसेज केला, 'बघाच'. ते निघेपर्यंत आमच्या भागातले शो उतरले होते. 'जवान'ची बारा तिकिटं मात्र मीच आठवडाभर आधी काढली होती.

'बाईपण'चे मार्क मी बदललेले नाहीत. दोन लिहिले होते, दोनच राहू देत. पुढच्या वर्षी तिथे नजर गेली की थोडी लाज वाटावी म्हणून.

मागच्या महिन्यात आई मैत्रिणींबरोबर 'झिम्मा २' बघून आली. मी फोनवर विचारलं, "आवडला?"

"ठीक आहे. 'बाईपण'ची सर नाही."

"का गं?"

पुढची वीस मिनिटं ती बोलत होती. कुठला प्रसंग ताणलाय, कुठली बाई खरी वाटते, कुठे उगाच हसवलंय. मी नोट उघडली, तिच्यासाठी आणखी एक रकाना केला आणि तिला पहिल्यांदाच विचारलं, "पाचपैकी किती देशील?"